नागपुरी कानांनी इंग्रजीच्या ढबी कशा ओळखाव्यात

काही वर्षांपूर्वी मी एका कॉल सेंटरात पहाटेच्या पाळीला होतो. ग्राहक न्यूझीलंडचे. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे अडीच. नागपूरची कुत्रीसुद्धा भुंकून थकलेली असतात. एक बाई फोनवर म्हणाल्या, ‘एक मिनिट हं, पिन घेऊन येते.’ मी दचकलो. ग्राहकाचा पिन नंबर कानावरही पडू द्यायचा नाही, हा ट्रेनिंगमधला पहिला धडा. घाईघाईने म्हणालो, ‘मॅडम, प्लीज, पिन कुणालाच सांगू नका.’ पलीकडे शांतता. मग बाई सावकाश म्हणाल्या, ‘मग तुमचा नंबर मी लिहून कशाने घेऊ?’ त्यांना पेन हवं होतं.

त्या रात्री हसून सोडून दिलं. पुढे कळलं की बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. न्यूझीलंडच्या इंग्रजीत ‘पेन’मधला स्वर इतका वर सरकलाय की आपल्या कानाला तो ‘पिन’ वाटतो. ‘बॅड’ म्हटलं की ‘बेड’ ऐकू येतं. आणि मूळचा ‘पिन’ आपली जागा सोडून ‘पन’च्या शेजारी जाऊन बसलाय, तिकडची ‘फिश’ आपल्याला ‘फश’ ऐकू येते ती म्हणूनच. शेअर ऑटोत एक जण सरकला की अख्खी सीट सरकते, तसे हे तिन्ही स्वर एका रांगेत, नियमाने सरकलेत. हा नियम ऐकू यायला लागला की अभ्यास सुरू झाला समजा.

मी नवख्यांसाठी लिहितोय: इंग्रजी घेऊन एमए करणारी मुलं, मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या आयटी-औद्योगिक पट्ट्यात, नव्याने नोकरीला लागलेले, नाटकात परदेशी पात्र वाट्याला आलेले, किंवा नुसतीच कानाची खोड असलेले. गोऱ्यासारखं बोलायला शिकायचं असेल तर त्याचे क्लास गल्लोगल्ली आहेत, खुशाल जा. इथे बोलायचं कमी, ऐकायचं जास्त.

आधी घरचं ऐका

‘ॲक्सेंट’ला मराठीत कुणी हेल म्हणतं, कुणी लहेजा. हेल म्हणजे खरं तर बोलण्यातला चढ-उतार, आणि ॲक्सेंटमध्ये त्याहून बरंच काही येतं, म्हणून मी ‘ढब’ म्हणतो. ढब आणि बोली यांची गल्लत पहिल्याच दिवशी मिटवून टाका. ‘काय करून राह्यला बे?’ यातलं ‘करून राह्यला’ हे व्याकरण झालं, ‘बे’ हा शब्द झाला. दोन्ही बोलीच्या खात्यात. ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘पाणी’चं ‘पानी’ होतं ते उच्चाराच्या, म्हणजे ढबीच्या खात्यात. अमरावतीच्या माणसाला वर्तमानपत्रातला उतारा वाचायला द्या. शब्द प्रमाण, व्याकरण प्रमाण, तरी दुसऱ्या ओळीला गाव कळतं. एडिनबरोच्या वकिलाचंही तेच. इंग्रजी पुस्तकातल्यासारखं चोख, पण तोंड उघडलं की स्कॉटलंड.

आता एक सकाळ तर्रीपोह्याच्या ठेल्यावर घालवा आणि फक्त ‘ण’ ऐका. कोण ‘पाणी’ म्हणतं, कोण ‘पानी’ म्हणतं, कुणाशी बोलताना म्हणतं. तासाभरात तुमच्या लक्षात येईल की एकच माणूस दोन्ही म्हणतो. मित्राशी ‘पानी’, आणि टाय लावलेलं गिऱ्हाईक समोर आलं की ‘पाणी’. पण नागपुरात याच्याही पुढची एक गंमत आहे. आपण दिवसभर मराठी आणि हिंदीत ये-जा करत असतो. हिंदीत ‘पानी’ हाच शुद्ध उच्चार, त्यावर कुणी नाक मुरडत नाही. तोच ‘न’ मराठी वाक्यात आला की बोलणारा गावंढळ ठरतो. ठेला तोच, तोंड तेच, ध्वनी तोच. मग कमीपणा आला कुठून? ऐकणाऱ्याकडून. इंग्रजीच्या ढबींवर जे काही लिहिलं गेलंय त्यातलं निम्मं याच प्रश्नाभोवती फिरतं, आणि नागपूरकराला तो शिकवावा लागत नाही.

आपला कान कुठे फसतो

परक्या ढबी मोजायच्या तर आधी आपली मोजपट्टी तपासली पाहिजे. आपण इंग्रजी ऐकतो ते देवनागरीच्या गाळणीतून. काही फरक त्या गाळणीत अडकतात. ‘व्हेट’ म्हणजे जनावरांचा डॉक्टर आणि ‘वेट’ म्हणजे ओला. लिहिताना आपण फरक करतो, पण बोलताना बहुतेकांच्या तोंडी दोन्हींचा ‘व’ जवळपास एकच. ‘शिप’ आणि ‘शीप’चं तेच. ‘कप’मधला स्वर आणि ‘अबाउट’मधला पहिला स्वर इंग्रजांच्या लेखी दोन निराळे, आपण दोघांना एकाच ‘अ’त कोंबतो.

सगळ्यात मोठा घोळ ‘ट’चा. इंग्रजी ‘ट’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागच्या उंचवट्याला लागतं. आपला ‘त’ दातांना लागतो, आपला ‘ट’ जीभ मागे वळवून टाळूला. इंग्रजी ध्वनी या दोघांच्या मधोमध, पण आपला कान त्याला बिनदिक्कत ‘ट’च्या फायलीत टाकतो. परदेशी लोकांना भारतीय इंग्रजी पहिल्या वाक्यात ओळखू येतं, त्यात या ‘ट’चा वाटा मोठा आहे.

पण काही बाबतींत आपण इंग्रजांच्या पुढे आहोत, हे कुणी सांगत नाही. तळहात तोंडासमोर धरून इंग्रज माणसाला ‘पिन’ आणि ‘स्पिन’ म्हणायला सांगा. ‘पिन’ला हवेचा झोत हातावर येतो, ‘स्पिन’ला येत नाही. त्याला स्वतःला हा फरक दाखवून द्यावा लागतो. आपण लहानपणापासून ‘पळ’ आणि ‘फळ’ वेगळे करत आलोय, आपल्याला तो फुकट ऐकू येतो. एक अक्षर म्हणजे एक ध्वनी नव्हे, हेही आपल्याला ठाऊक आहे: ‘पाण्याचा जग’ आणि ‘सारं जग’ मोठ्याने म्हणून पाहा.

आणि आपली वर्णमाला. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही ओळ शाळेत घोकली होती ना? आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा व्यंजनांचा तक्ता नेमका याच तत्त्वावर उभा आहे, फक्त तो ओठांपासून सुरू होऊन घशाकडे जातो. ही लिपी सांभाळणारी संस्था १८८६ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. तिची चिन्हं शिकावीच लागतील. देवनागरीत या लेखापुरतं भागतं, वहीत भागत नाही. आठवड्याला दहा चिन्हं पुरेत. व्यंजनं आठ-पंधरा दिवसांत हाताखाली येतात, स्वर मात्र रडवतात.

चोवीस खण

नवखे लोक एक चूक हमखास करतात: सुट्या शब्दांच्या याद्या करतात. ‘अमेरिकन लोक डान्सला डॅन्स म्हणतात.’ बरं, मग? ‘लास्ट’ला? ‘ग्लास’ला? ‘लाफ’ला? शब्द एकेकटे सरकत नाहीत, गटाने सरकतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी १९८२ साली यावर सोपी युक्ती काढली. इंग्रजीतल्या स्वरांचे त्यांनी २४ गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक नमुना-शब्द दिला: किट, ड्रेस, ट्रॅप, स्ट्रट, फूट, बाथ, फेस, गोट वगैरे. ‘बाथ’ म्हटलं की आंघोळ नाही, तर डान्स, लास्ट, ग्लास, पाथ, लाफ ही सगळी वरात.

आता हे खण घेऊन ढबींकडे पाहा. इंग्लंडच्या दक्षिणेत ‘बाथ’ गटाला लांब ‘आ’ असतो. उत्तरेत तोच गट ‘ट्रॅप’सारखा आखूड: बॅथ, ग्लॅस. दक्षिणेत ‘स्ट्रट’ आणि ‘फूट’ हे दोन गट वेगळे. उत्तरेत ते कधी फुटलेच नाहीत, त्यामुळे यॉर्कशरमध्ये ‘कप’ ‘कुप’सारखा आणि ‘बस’ ‘बुस’सारखी ऐकू येते. नुसत्या या दोन खणांवर इंग्लंडचा नकाशा आडवा कापता येतो.

मग आपल्या इंग्रजीचं काय? आपण ग्लास, क्लास, डान्स, चान्स म्हणतो, म्हणजे ‘बाथ’ गट दक्षिण इंग्लंडचा. ‘कप’, ‘बस’ही दक्षिणेच्या अंगाने. पण ‘फेस’ आणि ‘गोट’ आपण सरळ एकसुरी ‘ए’ आणि ‘ओ’ने म्हणतो. लंडनमध्ये हे स्वर मध्येच वळण घेतात, ‘फेइस’सारखे. एकसुरी ‘ए’ आणि ‘ओ’ ऐकायचे तर यॉर्कशर किंवा स्कॉटलंडकडे जावं लागतं. शिवाय आपण ‘कार’मधला ‘र’ म्हणतो, स्कॉटिश लोकही म्हणतात.

हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटिश मिशनरी होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ते नागपुरात होते, शाळा चालवत होते, १८६३ साली वारले. एकदा चहा पिता पिता मी सिद्धान्त मांडला की आपली ‘र’ आणि ‘ए’ची ढब हिस्लॉपसाहेबांची देणगी. मित्रांनी टाळ्या दिल्या. पण सिद्धान्त दोन दिवससुद्धा टिकला नाही. हाच ‘र’ आणि हाच ‘ए’ देशभर सापडतात, आणि त्यांचं कारण फार साधं आहे. ‘ए’ आणि ‘ओ’ हे आपल्या भाषांचे घरचे स्वर, आणि इंग्रजी आपण बरंचसं डोळ्यांनी शिकलो. स्पेलिंगमध्ये ‘र’ दिसला की आपण तो म्हणणारच. दोन ढबींत साम्य दिसलं म्हणून लगेच वंशावळ काढायला बसू नका.

‘र’ची कसोटी

चोवीसही खण पाठ होईपर्यंत थांबू नका. एकाच ध्वनीने सुरुवात करा, आणि तो ‘र’ असू द्या. प्रश्न इतकाच: ‘कार’, ‘फोर’, ‘पार्क’ या शब्दांत स्वरानंतरचा ‘र’ ऐकू येतो की नाही? बहुतेक अमेरिका, स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडचा नैऋत्य कोपरा: येतो. उरलेलं बरंचसं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड: येत नाही, ‘का’ आणि ‘फो’ एवढंच. पहिल्याच दिवशी निम्मं जग एका बाजूला होतं.

पण ‘र’ निवडायचं खरं कारण वेगळं आहे. १९६२ साली विल्यम लबॉव्ह हा अमेरिकी अभ्यासक न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत शिरला. सॅक्स महागडं, मेसीज मधलं, क्लाइन स्वस्तातलं. तो विक्रेत्याला अशी एखादी वस्तू विचारायचा की जी चौथ्या मजल्यावर आहे हे त्याला आधीच ठाऊक असे. उत्तर यायचं, ‘फोर्थ फ्लोर’. दोन शब्दांत ‘र’च्या दोन संधी. मग ऐकू न आल्यासारखं करून तो पुन्हा विचारायचा आणि विक्रेता तेच जरा ठासून सांगायचा. लबॉव्ह नजरेआड जाऊन नोंद करायचा. अशी २६४ माणसं झाली. सॅक्समध्ये ६२ टक्के लोकांनी कुठे ना कुठे ‘र’ उच्चारला, मेसीजमध्ये ५१ टक्के, क्लाइनमध्ये २० टक्के. आणि ठासून सांगताना ‘र’ वाढला.

हे सगळे एकाच शहरातले, एकाच धंद्यातले लोक. पगारात फार फरक असायचंही कारण नाही. फरक होता तो समोर येणाऱ्या गिऱ्हाइकाचा. आपल्या तर्रीपोह्याच्या ठेल्यावर जे दिसलं तेच, फक्त मोजून. आता न्यूयॉर्कहून विमानाने लंडनला या. न्यूयॉर्कमध्ये ‘र’ प्रतिष्ठेचा. इंग्लंडमध्ये तोच ‘र’ शेतकऱ्याची ढब मानला जातो आणि ‘र’ गाळणं साहेबी. ‘पानी’सारखीच त्याची गत.

नागपुरात हा प्रयोग करायचा असेल तर ‘फर्स्ट फ्लोर’ घ्या. आपल्याकडे कुणी ‘फर्स्ट’ म्हणतं, कुणी ‘फस्ट’. धरमपेठ, सीताबर्डी आणि इतवारी, तिन्ही ठिकाणी वीस-वीस दुकानं. वरच्या मजल्यावर काय आहे ते आधी बघून घ्या, विचारा, धन्यवाद म्हणा, बाहेर येऊन टिपा. कुणाचं नाव नको, दुकानाचंही नको. बोलणाऱ्याचं अंदाजे वय, स्त्री की पुरुष, आणि वाक्य मराठी होतं की हिंदी, एवढं पुरे. हिंदी-मराठीचा रकाना विसरू नका. आपल्या शहरात सगळी मजा तिथेच आहे.

बाकीच्या कसोट्या

या भराभर सांगतो, ‘र’इतकं कौतुक त्यांचं नाही.

‘वॉटर’, ‘सिटी’मधला ‘ट’: अमेरिकेत दोन स्वरांमधला ‘ट’ जिभेच्या एका टिचकीने होतो, आपल्या ‘र’च्या अगदी जवळ. त्यामुळे ‘लॅटर’ आणि ‘लॅडर’ एकच वाटतात. लंडनच्या कॉकनी ढबीत हाच ‘ट’ घशात गिळतात, ‘बॉटल’चं ‘बॉ’ल’. नकार देताना आपण ‘अं-अं’ म्हणतो ना, त्यात दोन ‘अं’च्या मध्ये घशात जो अडसर पडतो, तोच हा ध्वनी.

‘थ्री’ आणि ‘ब्रदर’: लंडनच्या कष्टकरी ढबीत ‘फ्री’, ‘ब्रव्हर’. आयर्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी जीभ दातांना टेकवून, आपल्यासारखंच.

‘हाऊस’मधला ‘ह’: इंग्लंडच्या अनेक शहरांत कष्टकरी लोक तो गाळतात, न्यूकॅसलच्या बाजूला मात्र टिकून आहे. लिव्हरपूलमध्ये ‘बॅक’चा शेवटचा ‘क’ घासून ‘ख’सारखा येतो.

ऐकायचं कुठे

सिनेमा नको. नट ढब रंगवतात, आणि रंगवलेल्या ढबीवरून कान तयार झाला की खरी ओळखू येत नाही.

क्रिकेटचं समालोचन मात्र सोनं आहे. बोलणारे खरे, बोलणं आपसूक, आणि शब्द तेच ते: ओव्हर, कव्हर, बाउन्डरी, कट. जेफ्री बॉयकॉट म्हणजे यॉर्कशर, मायकेल होल्डिंग म्हणजे जमैका, इयन स्मिथ म्हणजे न्यूझीलंड. पण नवख्याने खरी जोडी ऐकावी ती डेव्हिड लॉइड आणि मायकेल ॲथर्टन यांची. एके काळी एक इंग्लंडचा प्रशिक्षक, दुसरा कर्णधार. दोघंही लँकेशरचे. लॉइड ॲक्रिंग्टनचे आणि ते पहिल्या चेंडूला कळतं. ॲथर्टन मँचेस्टर ग्रामर स्कूल आणि पुढे केंब्रिजमधून आलेले. त्यांचं लँकेशर पुष्कळ घासून गुळगुळीत झालंय. प्रदेश तोच ठेवून शिक्षण बदललं की ढबीचं काय होतं, हे एका तासाभरात कानाने कळतं.

समालोचनाची अडचण अशी की प्रत्येक जण वेगळं बोलतो. तुलना करायची तर मजकूर एकच हवा. जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या ‘स्पीच ॲक्सेंट आर्काइव्ह’मध्ये जगभरच्या लोकांनी एकच ६९ शब्दांचा उतारा वाचलाय: स्टेलाला फोन करून दुकानातून अमुक-तमुक आणायला सांगा, अशा मजकुराचा. आधी मराठी मातृभाषेचे वाचक ऐका, म्हणजे आरसा दिसेल. मग ग्लासगो, मग ऑकलंड. पॉल मायर यांनी सुरू केलेलं ‘इंटरनॅशनल डायलेक्ट्स ऑफ इंग्लिश आर्काइव्ह’ही आहे, तिथे वाचनाबरोबर मोकळ्या गप्पाही सापडतात. दोन्ही फुकट.

एकच मजकूर सगळ्यांकडून घेण्याची पद्धत आपल्याला नवी नाही. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात बायबलमधली उडाऊ मुलाची गोष्ट बोलीबोलीत उतरवून घेतली होती. १९०५च्या सातव्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुनेही आहेत.

ऐकण्याची शिस्त अशी: दिवसाला पंधरा मिनिटं, कानात हेडफोन, तीस सेकंदांचा तुकडा. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा ठरवलेला एकच ध्वनी ऐका. तिसऱ्यांदा लिहा. एका बैठकीत दोन ध्वनी पकडायला गेलात की दोन्ही निसटतात. माझे पहिले दोन महिने असेच वाया गेले.

नागपुरात रेकॉर्डिंग

कधी तरी स्वतः माणसं रेकॉर्ड करावी लागतात, नाहीतर अभ्यास उसनाच राहतो. लंडन दूर आहे, पण इंग्रजीची किती तरी रूपं इथेच आहेत. जरीपटक्यातलं सिंधी घर, कामठीचं उर्दू घर, रेल्वेच्या नोकरीने आलेली तेलुगू आणि बंगाली कुटुंबं, सदरमधल्या कॉन्व्हेंटची पिढी, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून थेट इंजिनिअरिंगला आलेली मुलं. कुणी ‘कॉलेज’ म्हणतं, कुणी ‘कालेज’. कुणी ‘स्कूल’, कुणी ‘इस्कूल’. हे कुठल्या भाषेतून आलं आणि कुठल्या थरातून, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका.

साधा मोबाइल चालतो. तोंडापासून वीतभर अंतर, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’चा फटका माइकवर बसत नाही. फोन एरोप्लेन मोडवर टाका. कपड्यांचं उघडं कपाट आणि गाद्या असलेली खोली रिकाम्या हॉलपेक्षा चांगली, आवाज घुमत नाही. रेकॉर्डिंग कशासाठी आहे, कोण ऐकणार, कधी पुसणार हे आधी सांगून होकार घ्या. मूल असेल तर आईवडिलांचा. फायलीला नाव देताना माणसाचं नाव नको, क्रमांक द्या.

प्रत्येकाकडून तीन गोष्टी घ्या. आधी चाळीसेक शब्दांची यादी, मग एक छोटा उतारा, मग गप्पा. यादी वाचताना माणूस शाळेत उभा असतो, उताऱ्यात जरा सैलावतो, गप्पांत आपल्या घरी येतो. या तिन्हीतला फरक म्हणजेच तुमचा खरा माल. पण गप्पा सैल होणं कठीण असतं. लोक कसे बोलतात ते कुणी ऐकत नसताना हवं, आणि ऐकल्याशिवाय ते मिळत नाही. लबॉव्हनेच ही कोंडी मांडली. तो लोकांना विचारायचा की कधी मरता मरता वाचलात का. मी तान्हा पोळ्याचा आणि मारबतीच्या मिरवणुकीचा विषय काढतो. ‘लहानपणी मारबतीत हरवला होतात का?’ असं इंग्रजीत विचारलं की मिनिटभरात माणूस माइक विसरतो. अर्धं उत्तर मराठीत येतं, येऊ द्या, पुन्हा हळूच इंग्रजीवर आणा.

मोजायचं कसं

‘हा जास्त गाळतो, ती कमी गाळते’ असं लिहिलेली वही सहा महिन्यांनी निरुपयोगी होते. संधी मोजा. गप्पांत ‘वॉकिंग’, ‘गोइंग’सारखे शब्द वीस वेळा आले, त्यांतले तेरा ‘वॉकिन’सारखे, म्हणजे ६५ टक्के. एवढाच हिशेब. पीटर ट्रडगिल यांनी आपल्याच गावात, इंग्लंडमधल्या नॉरिचमध्ये, साठ लोकांवर असाच हिशेब मांडला आणि १९७४ साली छापला. वर्ग जसा खाली आणि बोलणं जसं मोकळं, तसा ‘इन’ वाढत गेला. त्याच वर्गातल्या बायका पुरुषांपेक्षा प्रमाण उच्चाराच्या जवळ निघाल्या. पुरुषांना विचारलं की तुम्ही कसं म्हणता, तर काही उच्चारांत त्यांनी प्रत्यक्षात बोलतात त्याहून रांगडं सांगितलं. गावठी ढबीतही एक छुपी शान असते. ‘बे’ लावल्याशिवाय वाक्य न संपवणाऱ्या आपल्या डॉक्टर-इंजिनिअर मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

कानाची खात्री करायला ‘प्राट’ नावाचं सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅमच्या बोर्स्मा आणि वेनिंक यांनी केलेलं, मोफत. त्यात आवाजाचं चित्र दिसतं आणि स्वरांचे आकडे काढता येतात. साधारण नियम असा की जबडा जेवढा उघडा, तेवढा पहिला आकडा मोठा. न्यूझीलंडचा ‘पेन’ खरंच ‘पिन’कडे सरकलाय का, हे तिथे दिसतं. पण कान तयार व्हायच्या आधी प्राट उघडू नका. रंगीत रेघा पाहून फार शिकल्यासारखं वाटतं.

स्वतःचाच कल

१९६० साली माँट्रियलमध्ये वॉलेस लँबर्ट आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसांनी एकच मजकूर एकदा फ्रेंचमध्ये, एकदा इंग्रजीत वाचला. ऐकणाऱ्यांना वाटलं, ही वेगवेगळी माणसं आहेत. इंग्रजी आवाजांना जास्त चांगले गुण मिळाले, आणि ते फ्रेंच बोलणाऱ्यांनीसुद्धा दिले. हे वाचलं तेव्हा मला माझं कॉल सेंटरचं ट्रेनिंग आठवलं. ‘न्यूट्रल ॲक्सेंट’ शिकवणारे सर आमच्या गावाकडच्या मुलांचे उच्चार सगळ्यांसमोर करून दाखवायचे, आणि सगळ्यात मोठ्याने आम्हीच हसायचो.

म्हणून वहीत ‘शुद्ध’, ‘जड’, ‘गोड’, ‘अडाणी’ हे शब्द आले की खोडा आणि त्या जागी ध्वनी लिहा. ‘जड ॲक्सेंट’ ऐवजी ‘ट मूर्धन्य, व आणि व्ह एक, गोट एकसुरी’. एका माणसावरून अख्खा प्रदेश ठरवू नका. ग्लासगोचा एक टॅक्सीवाला म्हणजे स्कॉटलंड नव्हे, आणि तुमचे वऱ्हाडी काका म्हणजे विदर्भ नव्हे. नक्कल एकट्याने, खोलीत, जीभ कुठे लागते हे समजण्यापुरती करा. ज्याची ढब आहे त्याच्या तोंडावर करू नका.

सुरुवातीचं वेळापत्रक म्हणाल तर पहिला महिना वर्णमाला, ध्वनिलिपी आणि फक्त ‘र’. दुसऱ्या महिन्यात ‘बाथ’, ‘स्ट्रट’, ‘फेस’ आणि ‘गोट’ हे चार खण, दोनच ढबी घेऊन. माझं मत विचाराल तर यॉर्कशर आणि न्यूझीलंड, कारण दोघांचे फरक ठळक आहेत आणि क्रिकेटमुळे आवाज आयते मिळतात. तिसऱ्या महिन्यात चार माणसांचं रेकॉर्डिंग. दिवाळीत सुरुवात केलीत तर ते जानेवारीच्या थंडीत येतं, पंखे बंद असतात, तेच बरं. मार्चच्या पुढे ढकललंत आणि घरोघरी कूलर सुरू झाले, तर पहिला पाऊस पडेपर्यंत नागपुरात घरात बसून काहीही रेकॉर्ड होत नाही. मी दोन उन्हाळे प्रयत्न करून पाहिलाय.